गर्भवतीला पुडी नको, ताट हवे

मुंबईलगतच्या डोंगरी आणि उत्तनच्या किनारपट्टीवर मासळी हे रोजचे अन्न आहे. त्यामुळे गर्भवतीने काय खावे, या प्रश्नाचे प्रत्येक नवे उत्तर इथे थेट चुलीपर्यंत पोहोचते. आतड्यातले जंतू जे रासायनिक पदार्थ तयार करतात, त्यांचा गरोदरपणातल्या गुंतागुंतीशी संबंध तपासणारे संशोधन अलीकडे झपाट्याने वाढले आहे. त्याचा आधार घेऊन एकीकडे नेहमीच्या अन्नाची धास्ती घातली जाते, तर दुसरीकडे ‘चांगल्या जंतूं’च्या पुड्या आणि गोळ्या खपवल्या जातात. माझ्या मते या संशोधनाचा खरा बोध वेगळा आहे. दिवस जाण्याच्या आधीपासून सकस आहार मिळावा आणि पुढे तपासण्या वेळेवर व्हाव्यात, हे पाहणे सार्वजनिक जबाबदारीचे काम आहे.

संबंध आहे, याबद्दल वाद नाही. डाळी, भाज्या, भाकरी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात. त्यातून तयार होणारी ब्युटिरेटसारखी आम्ले आतड्याचे अस्तर पोसतात आणि दाह आटोक्यात ठेवतात. अंडी-मटणातल्या काही घटकांपासून जंतू जे बनवतात, त्याचे रूपांतर यकृत ‘टीएमएओ’ या पदार्थात करते. गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढतो त्या प्री-एक्लॅम्प्सियात हा पदार्थ रक्तात जास्त असल्याचे काही अभ्यासांत दिसले. पण सोबत आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या ९१ गर्भवतींच्या अभ्यासात असे दिसले, की शेवटच्या तिमाहीतले जंतू जंतुविरहित उंदरांना दिल्यावर त्यांची चरबी वाढली आणि इन्सुलिनचा प्रभाव घटला. मात्र शेवटच्या तिमाहीपर्यंत जंतूंमध्ये झालेला हा बदल निरोगी गर्भवतींमध्येही होता. गर्भ वाढवणाऱ्या शरीराची ती स्वाभाविक तयारीही असू शकते.

मग बाहेरून चांगले जंतू दिले तर? हा विचार तर्काला धरून आहे, आणि त्याची परीक्षाही झाली आहे. गरोदरपणातला मधुमेह टाळण्यासाठी प्रोबायोटिक देण्याच्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये घेतला. मधुमेह टळतो असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. उलट प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका वाढल्याचे आढळले. घरच्या दह्या-ताकाला घाबरण्याचे यात काही नाही, पण डॉक्टरांना न विचारता दुकानातून पुडी आणून गर्भवतीला देणे थांबलेच पाहिजे.

ताटाच्या बाजूचा पुरावा मुंबईतच आहे. २००६ ते २०१२ दरम्यान इथल्या वस्त्यांमध्ये ‘मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्ट’ राबवला गेला. एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक जिनसांचा. गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण दुसऱ्या गटात १२.४ टक्के होते, पहिल्या गटात ७.३ टक्के. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतलेल्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. हा फरक जंतूंमुळे पडला, असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही. पण ताट सुधारायला ते कोडे सुटेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

राहिला मासळीचा मुद्दा. समुद्री माशांत टीएमएओ मुळातच असते आणि मासे खाल्ल्यावर ते रक्तात काही काळ वाढते, हे खरे आहे. पण एका रेणूवरून अख्खे अन्न बाद करता येत नाही. माशांतून मिळणाऱ्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांवरच्या चाचण्यांच्या २०१८ च्या आढाव्यात मुदतपूर्व प्रसूती १३.४ टक्क्यांवरून ११.९ टक्क्यांवर आलेली दिसते. म्हणून ताजी, नीट शिजवलेली बांगडा-तारलीसारखी लहान मासळी गर्भवतीच्या ताटात राहू द्यावी. पारा साठवणारी मोरीसारखी मोठी मासळी टाळावी आणि खारवलेली सुकी मासळी बेताने घ्यावी.

जंतूंच्या रसायनाशी निगडित एक विकार तर आजही नेमका ओळखता येतो. शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, खाज सुटली, तर आतड्यातले जंतू ज्यांत फेरफार करतात ती पित्ताम्ले रक्तात वाढलेली असू शकतात. ती फार वाढली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका असतो. ‘गरोदरपणात खाज येतेच’ म्हणून तेल चोळत बसण्यापेक्षा रक्ततपासणी करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. तिथे रक्तदाब आणि साखरेबरोबर खाजेचीही विचारपूस व्हावी. अंगणवाडी आणि आशाताईंनी पालेभाजी, फळे, दुधाचा आग्रह नवविवाहितांपासूनच धरावा. ज्या घराला हे परवडत नाही, तिथे नुसता सल्ला पुरत नाही. तिथे पालिकेने आणि शासनाने अन्नच पोहोचवले पाहिजे.