बाटलीत काय मुरणार ते वेलीवरच ठरतं

आजची नोंद जरा वेगळी आहे. माळकरी मंडळींनी रागावू नये, मी कुणाला प्यायला सांगत नाही. पण आपण वाईनची द्राक्षं पिकवतो आणि त्यांचं पुढं काय होतं हे आपल्यातल्या निम्म्या लोकांनी कधी चाखून पाहिलेलं नाही. हे काही बरं नाही.

पुतण्या फ्रान्समध्ये दिजोंला शिकतो. सुट्टीला तो आणि त्याचा मित्र आले, येताना बर्गंडीच्या तीन लाल बाटल्या आणल्या. तिन्ही एकाच शेतकऱ्याच्या, जात एकच, पिनो न्वार. एक साधी बर्गंडी २००९ सालची. दोन जेव्रे-शांबेर्तां या गावच्या नावाच्या, एक २०१७ आणि एक २००५. मी मनात हिशेब करून बसलो होतो. जुना तांदूळ, जुना गूळ, तशी जुनी वाईन. २००५ पहिली, २००९ दुसरी, २०१७ शेवटी.

सगळं चुकलं. २००९ ची गेलेली निघाली. रंग विटकरी, फळाचा वास नाही, तोंडात पाणचट. २०१७ ची फिकट लाल, चेरीसारखा वास, तोंडात मऊ, आत्ताच प्यायला तयार. २००५ च्या कडेला विटकरी झाक आली होती, वास पावसाळ्यात बांधावर कुजलेल्या पालापाचोळ्याचा आणि अळंबीचा. पण हिरड्यांवर जांभळाच्या सालीसारखा तुरटपणा अजून होता आणि आंबटपणा जिवंत. पहिल्या घोटाला ती काही बोललीच नाही. दोन तास ग्लासात राहिल्यावर खुलली. मग मात्र मी गप्प बसलो.

म्हणजे वय हा गुण नाही. टिकायला आत काहीतरी असावं लागतं.

ते काय, हे आपल्या भाषेत सांगतो. सालीतला आणि बियांतला तुरटपणा म्हणजे टॅनिन. बाटलीत वर्षानुवर्षं हे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटत जातात, मोठी होतात, काही तळाला गाळ म्हणून बसतात. म्हणून रंग फिका पडतो आणि तुरटपणा मवाळ होतो. ताज्या फळाचा वास जातो, त्या जागी पालापाचोळा, माती, अळंबी येते. पिनोची साल पातळ, रंग आणि टॅनिन मुळातच कमी. त्यामुळं तिला आंबटपणाचा मोठा आधार लागतो. पीएच कमी असेल तर वाईन खराब करणाऱ्या जीवाणूंना वाव कमी आणि गंधकाची मात्राही नीट काम करते. पीएच वर गेला की दोन्ही बिघडतं.

आता वावरात येऊ. तिकडं हेक्टरी साधारण १०,००० वेली असतात. सर्वात वरच्या दर्जाच्या, ग्रां क्रू म्हणतात त्या लाल वाईनला हेक्टरी ३५ ते ३७ हेक्टोलिटरची मूळ मर्यादा आहे. ढोबळ हिशेब केला तर एकरी दोन टनांच्या आसपास माल, वेलीला अर्धा किलो. अर्धा किलो! आपल्याकडं एवढा माल दिसला तर शेजारी विचारतो, बाग आजारी आहे का. २००५ चा उन्हाळा तिकडं कोरडा गेला, मणी लहान आणि साल जाड झाली. २०१७ ला माल भरपूर लागला. दोन्ही बाटल्यांत तो फरक सरळ कळत होता, पुतण्यानं सांगायच्या आधी.

दुसरी गोष्ट रात्रीची. तिकडं फळ पिकतं सप्टेंबरकडं, दिवस लहान होत असताना आणि रात्री गार पडत असताना. मॅलिक आम्ल उष्णतेत जळतं, गारव्यात राहतं. आपल्याकडं उलटं. फेब्रुवारी सरत आला की ब्रिक्स वर पळतो आणि आम्ल खाली. आपण रिफ्रॅक्टोमीटर धरून खूश होतो, पण त्यात आंबटपणा दिसत नाही.

माझं म्हणणं इथंच आहे. आपले बहुतेक करार टनावर आणि ब्रिक्सवर. मी शिराझ एकरी पाच टन काढतो कारण पैसे पाच टनांचे मिळतात. घड विरळले तर तोटा माझा आणि वाईन चांगली झाली तर नाव दुसऱ्याचं. मग आपल्याच लाल वाईनबद्दल कुणी म्हणतं, ही ठेवण्यासारखी नाही. ठेवण्यासारखी होईल असा माल मागितलाय कोणी आणि त्याचा दर दिलाय कोणी?

बर्गंडीतही हे भांडण होऊन गेलंय. शंभरएक वर्षांपूर्वी तिथले बहुतेक शेतकरी व्यापाऱ्यांनाच माल देत, आणि काही व्यापारी त्यात दक्षिणेकडची स्वस्त वाईन मिसळून गावचं नाव लावत. व्होल्ने गावचे मार्की दांजेरव्हिल, न्वी-सां-जॉर्जचे आंरी गूज यांच्यासारखे त्याविरुद्ध उभे राहिले आणि स्वतः बाटल्या भरायला लागले. १९३५ च्या कायद्यानं गावाच्या नावाला आणि उत्पादनाला नियम आले. ही माणसं मोठी होती, जमीनदार होती, हे मान्य. दोन एकरवाल्यानं उद्या कारखाना काढावा असं मी म्हणत नाही.

पण एवढं करता येतं. या बहार छाटणीला मी एक एकर वेगळा धरणार आहे. घड निम्मे, काढणी पहाटे, आणि ब्रिक्ससोबत पीएच आणि आम्लता दर आठवड्याला. त्या एकराचा दर टनावर नको, एकरावर हवा, असं मी वायनरीत लिहून दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. नाही म्हणाले तरी तेवढ्या मालाची वाईन वेगळी करून सहा बाटल्या मला द्या, ही दुसरी मागणी आहे.

आणि हो, त्या बाटल्या माळ्यावर ठेवायच्या नाहीत. १२-१३ अंश, अंधार, आडवी बाटली. मे महिन्यात आपल्या पत्र्याखाली कुठलीही वाईन दोन महिन्यांत म्हातारी होते. शेजारच्या शीतगृहाला कोपरा मागितलाय.

ज्यांनी काढणीच्या वेळी पीएच मोजलाय त्यांनी आकडा, जात आणि काढणीची तारीख खाली टाका. शिराझवाल्यांनी तर नक्कीच.