टीव्हीला एकच बॉक्स की दोन?

३१ मार्च २०१३ नंतर केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, त्या ३८ शहरांत आपले औरंगाबादही होते. आता दुकानदार म्हणतात, डिश आणि ॲप एकाच बॉक्सात घ्या. रिमोट एक, वायरी कमी, हे खरेच. पण बॉक्स बिघडला की दोन्ही बंद. आणि कंपनी बदलली की त्यातली डिशची बाजू निकामी! कोणत्याही कंपनीला चालणाऱ्या बॉक्सची शिफारस ट्रायने २०२० मध्येच केली, तरी ग्राहक अडकलेलाच. म्हणून रोशन गेट, शहागंजमधल्या हातावर पोट असलेल्या घरांनी साधा बॉक्स आणि ॲपची स्टिक वेगवेगळीच घ्यावी, असे आम्हाला वाटते. टीव्ही स्मार्ट असेल तर स्टिकही नको. रिचार्ज जड जात असेल तर डीडी फ्री डिश लावा, तिला महिन्याचे भाडे नाही.