साडेसत्तावीस डॉलरचा कागद

लॉ स्कूलच्या आगामी कार्यक्रमांच्या यादीत काय असणार? दोन व्याख्यानं, एक मूट कोर्ट, एखादा परिसंवाद आणि अगदी शेवटी ग्रंथालयातलं प्रदर्शन. ते शेवटचं आपण हमखास सोडतो. काचेखाली पिवळे कागद, शेजारी बारीक अक्षरातली चिठ्ठी, कोण बघणार? माझं मत उलटं आहे. बाकी सगळं चुकवा, ते मात्र चुकवू नका.

हार्वर्ड लॉ स्कूलचंच घ्या ना. तिथल्या ग्रंथालयाने १९४६ साली मॅग्ना कार्टाची एक 'नक्कल' विकत घेतली, साडेसत्तावीस डॉलरला. नोंद अशी की प्रत १३२७ ची, झिजलेली, ओलीचे डाग पडलेली. झालं! जुन्या कोडमधल्या कॉमेंटवर जसा कोणी संशय घेत नाही, तशी ही नोंद पंचाहत्तरहून जास्त वर्षं तशीच राहिली.

डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचे डेव्हिड कार्पेंटर हार्वर्डने नेटवर टाकलेले फोटो चाळत होते. हे काही साधं प्रकरण दिसत नाही, अशी त्यांना शंका आली. मग निकोलस व्हिन्सेंट या दुसऱ्या प्राध्यापकांबरोबर तपास सुरू झाला. कागदाचं (खरं तर चामड्याचं) माप ४८९ बाय ४७३ मिलिमीटर, म्हणजे १३०० सालच्या इतर सहा अस्सल प्रतींशी जुळणारं. अतिनील प्रकाशात फोटो काढून मजकूर शब्द न् शब्द ताडून पाहिला. चक्क डिफ मारला म्हणा की! मे २०२५ मध्ये जाहीर झालं की ही नक्कल नाहीच, पहिल्या एडवर्डने दिलेल्या सनदेची अस्सल प्रत आहे. १२९७ ची अशीच एक प्रत २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात दोन कोटी तेरा लाख डॉलरला गेली होती, यावरून अंदाज करा.

पण किमतीचं जाऊ द्या. कायदेशीर निवाड्याशिवाय कुणाही स्वतंत्र माणसाला पकडायचं नाही, हे त्या सनदेतलं कलम. 'स्वतंत्र' या शब्दात तेव्हाची वेठीला बांधलेली कुळं येत नव्हती, हेही खरं. तरी आपल्या घटनेतल्या २१ व्या कलमापर्यंतचा धागा तिथूनच निघतो. पोलीस दारात येईपर्यंत आपल्याला या धाग्याची आठवण नसते, हा भाग वेगळा.

मला यातली खरी गोष्ट वाटते ती फोटो नेटवर असण्याची. 'प्राचार्यांचं पत्र आणा, मग कपाट उघडतो' असा कारभार असता, तर ती नक्कल आजही नक्कलच राहिली असती.

आता आपल्याकडे बघा. मुंबई उच्च न्यायालयात १९०८ च्या खटल्यातले टिळकांचे शब्द संगमरवरावर कोरलेले आहेत, छानच आहे. पण दगडावर मावतात चार ओळी. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, १९३५ मध्ये बाबासाहेब तिथे प्राचार्य झाले. अशा जुन्या कॉलेजांच्या कपाटांत हजेरीपटापासून प्रश्नपत्रिकांपर्यंत जे काही उरलं असेल, ते वर्षातून एकदा काचेखाली मांडायला आणि नेटवर टाकायला काय हरकत आहे? एक स्कॅनर, दोन उत्साही विद्यार्थी आणि काही शनिवार लागतील. शनिवारी मला सुट्टी असते. नावं कशी द्यायची, बॅकअप कुठे ठेवायचा, एवढं मी बघतो.