मोटारीसाठी असणे आणि मोटारीचा भाग असणे

रिले, स्विच, फ्यूजपेटी, खिडक्यांच्या काचा वरखाली करणाऱ्या बटणांचा फलक, एंजिनातील इंधनाचे प्रमाण सांभाळणारी नियंत्रणपेटी, असे जे जिन्नस परदेशातून न्हावाशेवा बंदरात उतरून चाकण, पिंपरी किंवा वाळूजच्या मोटार-कारखान्यांकडे रवाना होतात, त्यांना सीमाशुल्काच्या दरपत्रकात ‘मोटारगाड्यांचे भाग व उपसाधने’ या ८७०८ क्रमांकाच्या शीर्षकाखाली दाखल करावे, की त्यांच्या विद्युत्-स्वभावास अनुसरून ८५ व्या किंवा ९० व्या प्रकरणात ठेवावे, या प्रश्नावर अंमलदार आणि आयातदार यांच्यात कित्येक वर्षे कज्जा चालू आहे. तो निव्वळ हिशेबी तंटा आहे असे समजून विचारी माणसाने त्याकडे पाठ फिरवू नये. कारण कर कोणाच्या मर्जीने वसूल व्हावा आणि कोणत्या शब्दांच्या आधाराने व्हावा, हा राज्यकारभाराचा मूळ प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

वादाला धार आली ती दरांतील तफावतीमुळे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा ८७०८ खालील मालावर २८ टक्के कर बसला. स्विच, रिले आणि नियंत्रण-फलक यांवरील कर मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात १८ टक्क्यांवर आला. हाच कर आयातीच्या वेळी एकात्मिक कर म्हणून भरावा लागत असल्याने, शीर्षक बदलले की दहा टक्क्यांचा फरक पडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ८७०८ चा दरही १८ टक्के झाला, तरी मूळ सीमाशुल्क आणि व्यापारी करारांतील सवलती शीर्षकागणिक ठरतात, व मागील काळातील मागण्यांची दफ्तरे अजून मिटलेली नाहीत. कारखानदाराला भरलेल्या एकात्मिक कराची वजावट मिळते, मग त्याचे नुकसान ते काय, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की मागाहून बसणाऱ्या व्याजाची आणि दंडाची वजावट कोणी देत नाही.

महसूलपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. तो पक्ष म्हणतो की जो रिले विशिष्ट मोटारीच्या आराखड्यानुसार बनविला आहे, ज्याचा क्रमांक त्या मोटार कंपनीच्या सुट्या भागांच्या सूचीत आहे, आणि जो त्या गाडीवाचून अन्यत्र कुठेही बसत नाही, त्याला व्यवहारात सर्व जग मोटारीचा भागच म्हणते. दरपत्रकाच्या सतराव्या विभागाची तिसरी टीपही ‘केवळ किंवा मुख्यत्वे’ वाहनांसाठी योग्य असणे हीच भागाची कसोटी ठरविते. आणि सोळाव्या विभागाच्या पहिल्या टिपेतील (एल) खंडाने सतराव्या विभागातील वस्तू आपल्या कक्षेतून वगळल्या असल्याने ८५ व्या प्रकरणाकडे जाण्याची वाटच बंद झालेली आहे. या पक्षाला ८ मार्च २०२१ रोजी मोठे पाठबळ लाभले. वेस्टिंगहाऊस सॅक्सबी फार्मर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या सिग्नल-यंत्रणेत वापरले जाणारे रिले ८५३६ मधून काढून ८६०८ खाली, म्हणजे रेल्वेच्या सामग्रीत, घातले. तो निवाडा उत्पादनशुल्काचा होता आणि रिले रेल्वेचे होते. परंतु त्यातील तत्त्व मोटारीच्या विद्युत्-सामग्रीला लावून मागणीच्या नोटिसा निघू लागल्या.

या युक्तिवादाचा पाया मला ढासळलेला दिसतो, आणि तो ढासळतो दरपत्रकाच्याच शब्दांनी. वर्गीकरणाच्या सहा सर्वसाधारण नियमांपैकी पहिलाच नियम सांगतो की वर्गीकरण शीर्षकांच्या शब्दांवरून आणि विभाग व प्रकरणांच्या टिपांवरून करावयाचे असते. सतराव्या विभागाची दुसरी टीप काही वस्तूंची यादी देऊन त्यांना ‘भाग’ ही संज्ञा लागू होणार नाही असे म्हणते, आणि त्या यादीत (एफ) खाली ८५ व्या प्रकरणातील विद्युत् यंत्रे व सामग्री, तर (जी) खाली ९० व्या प्रकरणातील वस्तू आहेत. यादीच्या आरंभीच असेही सांगितले आहे की त्या वस्तू या विभागातील मालासाठीच असल्याचे ओळखू येवो अथवा न येवो, त्या वगळलेल्याच. जो मनुष्य म्हणतो की हा रिले फक्त मोटारीतच बसतो, त्याचे म्हणणे टिपेने आधीच ऐकून घेतले आहे, आणि ते मान्य असतानाही त्या रिलेला वगळले आहे. तिसऱ्या टिपेचे काम वेगळे आहे. दुसऱ्या टिपेच्या चाळणीतून जे खाली उतरले, त्यांच्यापुरती ती वापराची आणखी एक अट घालते. चाळणीने अडविलेले पुन्हा आत घेण्याचा अधिकार तिला कोठेही दिलेला नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपा याच क्रमाने तीन अटी सांगतात आणि त्या तिन्ही एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: वस्तू दुसऱ्या टिपेने वगळलेली नसावी, ती केवळ किंवा मुख्यत्वे वाहनासाठी योग्य असावी, आणि अन्यत्र तिचा अधिक नेमका उल्लेख नसावा. या टिपांचे मार्गदर्शन भरवशाचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वुडक्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या १९९५ च्या निकालात मान्य केलेच आहे.

सोळाव्या विभागाचा (एल) खंड आणि सतराव्याचा (एफ) खंड एकमेकांकडे बोट दाखवितात, सबब हे न सुटणारे चक्र आहे, अशी तक्रार ऐकू येते. दोन्ही वाचने करून पाहावीत. (एल) खंड आधी लावला आणि मोटारीसाठी बनविलेली प्रत्येक विद्युत्-वस्तू सतराव्या विभागाची मानली, तर (एफ) खंडाला वगळायला काही उरत नाही. कायदेमंडळाने तो व्यर्थ लिहिला असे म्हणावे लागते. उलट (एफ) आधी लावला तर (एल) खंड जिवंत राहतो, कारण विजेवर चालणारे रेल्वे-एंजिन, ट्राम आणि विद्युत् मोटारगाडी ही संपूर्ण वाहने ८५ व्या प्रकरणात न शिरता सतराव्या विभागातच राहतात. ज्या वाचनाने दोन्ही खंडांना काम मिळते ते सोडून, एकाला मारणारे वाचन कोणत्या न्यायाने पत्करावे?

दरपत्रकाची रचनाही हेच बोलते. एंजिन पेटविण्याची व सुरू करण्याची विद्युत्-साधने ८५११ मध्ये, मोटारींचे दिवे, भोंगे आणि काच पुसणारे वायपर ८५१२ मध्ये, वाहनांसाठीचे तारांचे जुडगे ८५४४ मध्ये, मोटारीतला रेडिओ ८५२७ मध्ये, वेगमापक ९०२९ मध्ये आणि फलकावरचे घड्याळ ९१०४ मध्ये आहे. यांतील कित्येकांना वाहनाबाहेर कसलाही उपयोग नाही. यावर प्रतिपक्ष म्हणेल की यांची नावे घेतली म्हणूनच ती बाहेर राहिली, बाकीची आपोआप ८७०८ मध्ये येतात. पण (एफ) खंडाने नामनिर्देशाची अट घातलेली नाही, त्याने संपूर्ण प्रकरणाचा उल्लेख केला आहे. आणि रिले व स्विच यांची नावे तर ८५३६ च्या मथळ्यातच स्पष्ट आहेत.

वेस्टिंगहाऊसच्या निवाड्याबद्दल आदर राखून परंतु स्पष्टपणे लिहिले पाहिजे. (एफ) खंडाची वगळणूक स्वतंत्रपणे बाजारात विकल्या जाणाऱ्या आणि अन्यत्रही उपयोगी पडणाऱ्या विद्युत्-वस्तूंपुरती असावी, असा अर्थ तेथे घेतला गेला. टिपेच्या आरंभीचे ‘ओळखू येवो अथवा न येवो’ हे शब्द या अर्थाला थारा देत नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय संहितेचे इतर सदस्यदेश ज्या रीतीने ही टीप वाचतात त्या रीतीपासून आपण एकटे दूर जातो. घटनेच्या १४१ व्या अनुच्छेदानुसार तो निकाल बंधनकारक आहे यात शंका नाही. म्हणूनच मोठ्या पीठाने त्याचा फेरविचार करावा ही मागणी उघडपणे केली पाहिजे. तोवर, सीमाशुल्काचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय मंडळाने ५ जानेवारी २०२२ च्या सूचनेत अधिकाऱ्यांना त्या निकालाचा सरसकट आधार न घेता वस्तुस्थिती व टिपा तपासण्यास सांगितले, हे योग्यच झाले. तरीही नोटिसांचा ओघ थांबला नाही याचे दुःख वाटते.

याचा अर्थ असा नाही की तार जोडलेली प्रत्येक वस्तू ८५ किंवा ९० मध्ये घालण्याचा आयातदारांचा हव्यास मला मान्य आहे. विद्युत् मोटर बसविलेला सुकाणूचा संच, हवापिशवीचा संच किंवा संवेदक लावलेला गिअरबॉक्स यांचे मूळ स्वरूप वाहनाच्या यांत्रिक अवयवाचे आहे, आणि त्यांची नावे ८७०८ मध्येच आहेत. त्याहून अधिक सर्रास दिसणारी चूक ९०३२ ची. ज्या पेटीत सूक्ष्मप्रक्रियक आहे तिला स्वयंचलित नियामक म्हणण्याची रीत पडली आहे. नव्वदाव्या प्रकरणाची सातवी टीप मात्र फार कडक आहे: उपकरणाने प्रवाह, दाब, तापमान अशा राशीचे प्रत्यक्ष मूल्य सतत किंवा ठरावीक अंतराने मोजावे, आणि विक्षोभ आला तरी ते इष्ट मूल्यावर आणून टिकवावे. प्राणवायूच्या संवेदकाचा कौल घेऊन हवा व इंधन यांचे प्रमाण सावरणारी एंजिनाची नियंत्रणपेटी या कसोटीला उतरू शकते. चालकाने बटण दाबल्यावर दिवे, कुलपे व वायपर चालविणारी पेटी उतरत नाही, तिची जागा ८५३७. येथे नुसत्या विक्रीपत्रकावर न थांबता मंडलाचा आराखडा आणि उत्पादकाचे तांत्रिक वर्णन मागविणे, हे अंमलदाराचे कर्तव्यच आहे आणि आयातदाराने ते दस्तऐवज विनातक्रार रुजू करावेत.

पण कर्तव्याची दुसरी बाजूही आहे. २०११ पासून आयातदाराने स्वतःच कर ठरवून भरावयाचा आहे. त्याने वस्तूचे वर्णन खरे लिहिले आणि शीर्षकाविषयी त्याचे मत अंमलदाराहून भिन्न निघाले, तर त्याला लबाडी ठरवून सीमाशुल्क कायद्याच्या २८ व्या कलमातील दोन वर्षांची मुदत पाच वर्षांपर्यंत ताणणे अन्यायाचे आहे. शीर्षकाचा दावा करणे म्हणजे खोटे निवेदन करणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने नॉर्दर्न प्लास्टिक्सच्या १९९८ च्या निकालात म्हटले, आणि वर्गीकरण सिद्ध करण्याचा भार महसुलावर असल्याचे एचपीएल केमिकल्सच्या २००६ च्या निकालात. ज्या टिपांच्या अर्थाबद्दल न्यायाधीशांतच मतभेद संभवतात, त्यांचा एक अर्थ घेणाऱ्या कारखानदाराच्या मनात कपट होते असे गृहीत कसे धरावे?

मंडळाला एकरूपतेसाठी आदेश काढण्याचा अधिकार कायद्याच्या १५१ अ कलमाने दिलेला आहे. त्याखाली रिले, स्विच-फलक, फ्यूजपेटी, दिवे-कुलपांची नियंत्रणपेटी, एंजिन-नियंत्रक, संवेदक अशी जिनसवार यादी टिपांच्या आधारासह प्रसिद्ध करावी, आणि वर्णन खरे असूनही निव्वळ शीर्षकभेदावर उभ्या असलेल्या २०१७ ते २०२५ च्या काळातील मागण्यांतून दंडाची तजवीज काढून घ्यावी.