सुईला हात लावण्यापूर्वी

विमानाच्या छोट्या प्रतिकृतीचे इंजिन अडले, की बहुतेकांचा हात प्रथम कुठे जातो? इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईकडे! अर्धा फेरा आत, पाऊण फेरा बाहेर, पुन्हा आत. थोड्याच वेळात सुई मुळात कुठे होती हेच कुणाला आठवत नाही. विद्यार्थी मित्रहो, माझे स्पष्ट मत असे, की या सवयीने इंजिनाचे नुकसान होतेच, पण विचाराच्या शिस्तीचे त्याहून अधिक होते.

हे इंजिन चालते कसे, ते आधी पाहू. यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो, ‘ग्लो प्लग’ असतो. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या बॅटरीने ते लाल तापवतात. इंजिन चालू झाले, की बॅटरी काढून घेतात. तरी तार तापलेलीच राहते. कारण इंधनातील मिथेनॉलच्या वाफेचा प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनशी संयोग होऊन उष्णता बाहेर पडते. प्लॅटिनम येथे उत्प्रेरक असते. सिलिंडरमधील ज्वलन व दाब यांचीही साथ मिळते. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास असे प्लग बाजारात आणले आणि बॅटरी व कॉइल विमानातून वाहून नेण्याची गरज उरली नाही.

म्हणजे इंजिनाच्या गरजा मुख्यतः तीन: इंधन व हवा यांचे योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि तापलेली तार. मग बिघाडही बहुधा यांतच शोधावा लागणार! बॅटरी काढताच इंजिन बंद पडते? प्लग कमजोर असेल किंवा इंधन फार जात असेल. पंखा हाताने फिरवताना दाब जाणवत नाही? प्लग सैल असेल किंवा दट्ट्या झिजला असेल. तेथे सुई काय करणार? धूर भरपूर आणि आवाज अडखळता असेल, तर इंधन जास्त. वेग चढून मग उतरू लागला, तर इंधन कमी. वंगणाचे तेल इंधनातच मिसळलेले असल्यामुळे अशा वेळी वंगणही कमी पडते व इंजिन तापते.

आता खरी मेख पाहा. इंधनाच्या नळीला बारीक छिद्र पडले, की तेथून हवा शिरते आणि इंधन कमी पडते. तुम्ही सुई उघडता. जमिनीवर इंजिन छान चालते. बिघाड गेला काय? नाही, तो झाकला गेला! विमान नाक वर करून चढू लागले, की टाकी इंजिनाच्या खाली येते, इंधन आणखी अपुरे पडते व इंजिन बंद पडते. कित्येक दिवसांचे श्रम क्षणात मातीमोल होतात. खाली कुणी उभे असेल, तर इजाही होते.

“पण अनुभवी माणूस नुसत्या आवाजावरून सुई लावतो!” असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण बाकीच्या शक्यता त्याने मनात आधीच तपासलेल्या असतात. तुम्ही त्या क्रमाने तपासा. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते, म्हणून इंधन ताजे आहे ना ते पाहा. मग प्लग, मग नळीतील बुडबुडे आणि शेवटी सुई. एका वेळी एकच बदल करा व तो वहीत नोंदवा. मात्र जाणत्या माणसाशिवाय हे करू नका. सुई फिरवताना पंख्याच्या मागे राहा. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही.

शिक्षकांनाही एक विनंती. आज प्रतिकृतींत विजेच्या मोटारी अधिक दिसतात; पण बिघाड शोधण्याची रीत तीच आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना आपण नेहमी चालणारी उपकरणेच देतो. एखादे मुद्दाम बिघडवलेले विद्युतमंडल द्या आणि ते दुरुस्त झाल्याबद्दल नव्हे, तर कारण कसे शोधले याच्या नोंदीला गुण द्या. कारण न समजता झालेली दुरुस्ती हा निव्वळ योगायोग होय.