विश्लेषण : १९५७च्या ‘सिंड्रेला’चे हरवलेले रंग एआयने भरावेत का?

जुन्या कृष्णधवल चित्रफिती एआयच्या मदतीने रंगवून समाजमाध्यमांवर टाकण्याची सध्या लाट आहे. दोन क्लिकमध्ये आकाश निळे आणि साडी लाल होते. बहुतेक वेळा त्यात कुणाचे काही बिघडत नाही. मात्र ३१ मार्च १९५७ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने थेट दाखवलेली ‘सिंड्रेला’ ही संगीतिका वेगळ्या जातीची आहे. ती मुळात रंगीतच होती, रंगीतच प्रसारित झाली आणि आज उरली आहे ती केवळ कृष्णधवल. ते रंग परत आणावेत का, हे ठरवण्याआधी ते गेले कसे हे पाहायला हवे.

कार्यक्रम नेमका काय होता?

‘ओक्लाहोमा!’, ‘द किंग अँड आय’ यांसारख्या संगीतिकांमुळे ब्रॉडवेवर दबदबा असलेल्या संगीतकार रिचर्ड रॉजर्स आणि लेखक ऑस्कर हॅमरस्टाइन या जोडीने टीव्हीसाठी लिहिलेली ही एकमेव संगीतिका. नायिका होत्या २१ वर्षांच्या ज्युली अँड्र्यूज. त्या वेळी त्या ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ गाजवत होत्या. रविवारची संध्याकाळ, दीड तासाचा कार्यक्रम. सीबीएसच्या आकड्यानुसार १० कोटी ७० लाख लोकांनी तो पाहिला. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्याच सुमारे १७ कोटी होती. (भारतात टीव्ही यायला अजून दोन वर्षे होती. दिल्लीत १९५९ मध्ये प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र तर १९७२चे.)

थेट म्हणजे किती थेट?

पूर्णपणे. न्यूयॉर्कमधील ‘स्टुडिओ ७२’ हा सीबीएसच्या रंगीत स्टुडिओंपैकी सर्वांत लहान. त्यात ५६ कलाकार, ३३ वादक, ८० तंत्रज्ञ व कामगार, चार अजस्र रंगीत कॅमेरे, राजवाडा, स्वयंपाकघर आणि कपड्यांचे ढीग. जागा पुरेना म्हणून वादकांना वेगळ्या लहानशा खोलीत बसवले होते. त्या काळचा रंगीत कॅमेरा प्रकाशाची लाल, हिरवा आणि निळा अशी तीन भागांत विभागणी करून तीन वेगवेगळ्या नळ्यांकडे पाठवायचा. प्रत्येक नळीच्या वाट्याला थोडाच प्रकाश येई. म्हणून सेटवर दिव्यांचा भडिमार, आणि त्याबरोबर उकाडा. अशा स्थितीत गायचे, नाचायचे, दोन प्रवेशांच्या मध्ये वेश बदलायचा. चुकले तर ते देशभर दिसणार. ‘रिटेक’ नाही.

मग रंगीत मुद्रण का नाही?

व्हिडिओ टेप आली होती. अॅम्पेक्स कंपनीने एप्रिल १९५६ मध्ये तिचे यंत्र दाखवले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सीबीएसने ते बातम्यांसाठी वापरलेही. पण ते यंत्र रंग टिपत नव्हते. रंगीत टेप पुढे १९५८ मध्ये आली. म्हणजे जेमतेम वर्षाच्या फरकाने ‘सिंड्रेला’ची गाडी चुकली.

उरला तो किनेस्कोप. नाव भारदस्त असले तरी पद्धत अगदी साधी होती. स्टुडिओतील टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावायचा आणि पडद्यावर दिसेल ते टिपायचे. आज मोबाइलने टीव्हीवरचा सामना चित्रित करतात, तसेच काहीसे. पुढच्या पिढ्यांसाठी म्हणून हे कुणी करत नव्हते. हे कामाचे कागद होते. पश्चिम किनाऱ्यावर काही तासांनी कार्यक्रम दाखवायला कृष्णधवल मुद्रण लागे. चुका शोधण्यासाठी आधीच्या रंगीत तालमींचेही किनेस्कोप केले गेले. तालीम रंगीत, चित्रण कृष्णधवल!

पण तेव्हा तरी रंग किती जणांनी पाहिले?

फार थोड्यांनी. रंगीत संच महाग होते, त्यामुळे बहुतेक घरांत ‘सिंड्रेला’ कृष्णधवलच दिसली. मग हरवले काय? याचे उत्तर रंगांपेक्षा हालचालीत आहे. अमेरिकी टीव्हीचे चित्र सेकंदाला ६० वेळा अर्धे-अर्धे रेखाटले जाई. फिल्म मात्र सेकंदाला २४ चौकटी टिपते. त्यामुळे वॉल्ट्झच्या गिरक्या घराघरांत जितक्या सलग दिसल्या, तितक्या त्या फिल्मवर नाहीत. चित्राच्या कडा मऊ झाल्या, उजळ भाग पांढरे पडले. रंगांची हळहळ सगळे करतात, या नुकसानीकडे फारसे कुणी पाहत नाही.

याचा परिणाम काय झाला?

अंधूक प्रत पुन्हा प्रसारित करण्याजोगी नव्हती. १९६५ मध्ये सीबीएसने लेस्ली अॅन वॉरन यांना घेऊन ‘सिंड्रेला’ नव्याने, रंगीत टेपवर केली. ती पुढे अनेक वर्षे दाखवली गेली आणि एका पिढीची ‘सिंड्रेला’ तीच ठरली. एनबीसीच्या ‘पीटर पॅन’चेही तसेच. मेरी मार्टिन यांनी १९५५ आणि १९५६ मध्ये तो थेट सादर केला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो १९६० मध्ये रंगीत टेपवर मुद्रित केलेला.

अँड्र्यूज यांच्या बाबतीत हे जास्त बोचते. ‘माय फेअर लेडी’चा चित्रपट निघाला तेव्हा भूमिका ऑड्री हेपबर्न यांच्याकडे गेली. ब्रॉडवे गाजवणारी ती तरुण गायिका संपूर्ण संगीतिकेत कशी दिसत-गात होती, याचा त्या काळातील पुरावा म्हणजे ही धूसर फिल्म.

रंग परत आणता येतात?

काही वेळा, खरोखर. बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेतील १९६९च्या एका भागाचे रंग २००८ मध्ये कृष्णधवल फिल्मवरून परत मिळवले गेले. त्या फिल्मवर मूळ रंगीत संकेताचे सूक्ष्म ठिपके नकळत उमटले होते; संगणकाने ते वाचून रंग उलगडले. हा पुरावा झाला. ठिपके नसतील, तर हा मार्ग बंद.

एआय करते ते वेगळे. सारख्याच उजेडाचे लाल आणि हिरवे कापड कृष्णधवल चित्रात एकाच करड्या छटेचे दिसते. त्या छटेवरून मूळ रंग काढणे गणिताने अशक्य आहे. एआय हजारो इतर चित्रे पाहून ‘असा असावा’ असा अंदाज करते. सिंड्रेलाचा झगा ते बहुधा निळा करेल, कारण डिस्नेच्या चित्रपटाची निळ्या झग्यातली छबी सगळीकडे आहे. म्हणजे १९५७च्या वेशभूषेवर भलत्याच चित्रपटाचा रंग चढणार, आणि चित्रफीत पुरेशी फिरली की तोच खरा मानला जाणार.

म्हणून एआय वापरायचेच तर ते हालचालीवर वापरावे. दोन चौकटींमधली चौकट तयार करणे हाही अंदाजच, पण त्याला दोन्ही बाजूंनी त्याच फिल्मचा आधार असतो. शिवाय हे काम नवे नाही. ‘डॉक्टर हू’च्या जुन्या भागांवर असे प्रयोग होऊन गेले आहेत आणि नाचाच्या प्रवेशांना त्याचा फायदा होईल. रंगवलेली आवृत्ती काढलीच, तर ‘रंग काल्पनिक’ ही पाटी वर्णनात खाली नव्हे, चित्रावरच हवी. ‘सिंड्रेला’ची कृष्णधवल प्रत २००४ मध्ये डीव्हीडीवर आली. कुणाला रंगवायची हौस असेल, तर त्याने आधी ती बघावी.