मॉल ओस पडला, पण गाळ्याचं बिल येतंच आहे

मावशीचा गाळा १४० चौरस फुटांचा आहे. पहिल्या मजल्यावर, सरकत्या जिन्यावरून उतरलं की डाव्या हाताला तिसरा. २००१ च्या सुमारास बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना आली, तेव्हा मावशीनं ती घेतली आणि पुढे त्या पैशांतला मोठा वाटा या गाळ्यात घातला. मुंबईच्या उपनगरातला मॉल. नाव देत नाही, कारण अशी गोष्ट एकाच मॉलची नाही. लहानपणी त्याच जिन्यावर मी मावशीचा हात घट्ट धरून पहिल्यांदा पाय ठेवला होता.

गेल्या महिन्यात तिच्यासोबत पुन्हा गेले. जिना बंद होता, पायऱ्या चढून गेलो. शटरखालून कुणीतरी देखभाल खर्चाचं बिल आत सरकवलं होतं. ‘भाडेकरू येवो न येवो, हे मात्र दर महिन्याला येतं बघ,’ मावशी म्हणाली.

‘घोस्ट मॉल’ म्हणजे काय?

ज्या मॉलमधली ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी आहे, त्याला नाइट फ्रँक ही मालमत्ता सल्लागार संस्था ‘घोस्ट’ म्हणजे ओस पडलेलं केंद्र म्हणते. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या आठ मोठ्या शहरांत २०२२ मध्ये असे ५७ मॉल होते, २०२३ मध्ये ते ६४ झाले. त्यांचं भाड्यानं देण्याजोगं क्षेत्रफळ होतं सुमारे १ कोटी ३३ लाख चौरस फूट. ज्या शहरात दहा बाय दहाच्या खोलीसाठी माणसं आयुष्य घालवतात, तिथे बांधून तयार जागा कुलूपबंद राहते.

हे सगळं ऑनलाइन खरेदीमुळे झालं का?

सगळ्यात सोपं उत्तर हेच, आणि ते अर्धंच खरं आहे. मुंबईच्या एलबीएस मार्गाचं उदाहरण घ्या. कुर्ल्यात २०११ मध्ये सुरू झालेलं फिनिक्स मार्केटसिटी, घाटकोपरला २००९ चं आर सिटी. रविवारी संध्याकाळी तिथे पार्किंग मिळालं तर नशीब. याच रस्त्यानं भांडुप-मुलुंडकडे जात राहिलात, तर ओस पडलेले जुने मॉलही दिसतात. मोबाइलमधलं ॲप कुर्ल्याच्या माणसाकडे आहे आणि मुलुंडच्याही. मग एक मॉल भरलेला आणि दुसरा रिकामा कसा?

मोठा फरक मालकीत आहे. फिनिक्स किंवा इनऑर्बिटसारखे मॉल दुकानं विकत नाहीत, भाड्यानं देतात. कोणत्या मजल्यावर काय असावं, कुठलं दुकान चालत नाही म्हणून बदलावं, हे एकच व्यवस्थापन ठरवतं. अनेकदा भाडं दुकानाच्या विक्रीशी जोडलेलं असतं. दुकान चाललं तरच मालकाला जास्त पैसे, म्हणून गर्दी खेचण्याची गरज दोघांनाही.

दोन हजारच्या दशकात घाईघाईनं उभ्या राहिलेल्या कित्येक मॉलमध्ये मात्र बिल्डरनं गाळे सुटे सुटे विकले. पैसे हाती आले आणि मॉल चालवण्यातला त्याचा रस संपला. मागे राहिले शेकडो मालक. एकानं मोबाइलची कव्हरं लावली, दुसऱ्यानं इस्टेट एजंटचं ऑफिस थाटलं, तिसऱ्यानं भाव वाढेल म्हणून शटर पाडून ठेवलं. शेजारची चार शटरं बंद असतील, तर पाचव्या दुकानापर्यंत गिऱ्हाईक जात नाही.

मॉल नेमका कसा बंद पडतो?

सुरुवात बहुतेकदा मोठ्या दुकानापासून होते. मॉलच्या भाषेत ‘अँकर’. लोक महिन्याचा किराणा भरायला किंवा सिनेमाला येतात आणि जाता-येता छोट्या दुकानांत डोकावतात. २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि मुंबईतले मॉल ५ ऑगस्टपर्यंत बंद राहिले. सिनेमागृहं उघडायला नोव्हेंबर उजाडला. त्यातून सावरतो तोच २०२२ मध्ये कर्जात बुडालेल्या फ्युचर समूहाच्या दुकानांचा ताबा रिलायन्सनं घ्यायला सुरुवात केली आणि ‘बिग बझार’ ही पाटी दिसेनाशी झाली. एकाच अँकरवर उभ्या असलेल्या मॉलला हा धक्का पेलणारा नव्हता.

त्यानंतर गणित सुरू होतं. समजा, मॉलमध्ये १०० सारखे गाळे आहेत आणि वीज, एसी, लिफ्ट, सफाई, सुरक्षारक्षक यांचा महिन्याचा खर्च १० लाख रुपये. प्रत्येकाच्या वाट्याला १० हजार. साठ जणांनी पैसे भरणं बंद केलं, तर उरलेल्या चाळिसांवर २५-२५ हजार येतात. ते परवडत नाही म्हणून आधी एसी बंद होतो, मग सरकता जिना, मग अर्धे दिवे. गिऱ्हाईक आणखी कमी होतं आणि चाळिसातले दहा जातात. पुढचं बिल तिसांत वाटायचं.

मग पाडून टॉवर का बांधत नाहीत?

जिथे जमतं तिथे बिल्डर तेच करू पाहतात. पण शेकडो गाळेधारक, थकलेली बिलं, बँकांची कर्जं आणि कोर्टातले दावे यांत वर्षं जातात. शिवाय ही खरेदी-विक्री २०१७ मध्ये रेरा लागू होण्याच्या कितीतरी आधीची. करारात मॉल कोण, कसा आणि किती वर्षं चालवणार यावर मोघम दोन ओळी असतात. मावशीचा करार मी वाचला, त्यातही तेवढंच होतं.

आहे त्याच इमारतीत घरं करणंही सोपं नाही. मॉल हा मुद्दाम बंद खोका म्हणून बांधलेला असतो. बाहेर ऊन आहे की अंधार, हे आतल्याला कळू नये म्हणून खिडक्याच नसतात. मजले इतके खोल असतात की मधल्या भागात उजेड-वारा पोहोचत नाही. पण मोकळे मजले, भक्कम खांब, लिफ्ट, शौचालयं आणि पार्किंग एवढं भांडवल तयार असतं. जिथे माणसं काही तासांसाठी येतात, अशा कामांसाठी ही रचना योग्य आहे.

दुसरीकडे काय केलं?

बंदिस्त उपनगरी मॉलची कल्पना अमेरिकेतली. मिनेसोटामधलं साउथडेल सेंटर १९५६ मध्ये उघडलं. त्याचा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. त्याला भोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग असलेलं गावाचं केंद्र हवं होतं. बांधला गेला तो मॉल आणि त्याभोवतीचं पार्किंग. पुढे आपल्या नावावर खपवल्या गेलेल्या मॉलपासून त्यानं स्वतःला जाहीरपणे वेगळं केलं.

गंमत म्हणजे, मरायला टेकलेले काही मॉल आता त्याच्या मूळ कल्पनेकडे वळले आहेत. नॅशव्हिलच्या ‘वन हंड्रेड ओक्स’ मॉलच्या वरच्या मजल्यावर २००९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे दवाखाने आले, खाली दुकानं राहिली. ऑस्टिनचा १९७१ चा हायलँड मॉल कम्युनिटी कॉलेजनं घेतला. डिपार्टमेंट स्टोअर होतं तिथे २०१४ पासून मुलं शेकडो संगणकांसमोर बसून अभ्यास करतात.

मग आपणही दवाखाने आणायचे?

इथे थांबायला हवं, कारण भांडुपनं याची किंमत मोजली आहे. २५ मार्च २०२१ च्या रात्री तिथल्या ड्रीम्स मॉलला आग लागली. गाळे सुटे विकलेला, बराचसा ओस पडलेला मॉल आणि वरच्या मजल्यावर कोविड रुग्णांनी भरलेलं रुग्णालय. त्या रात्रीनंतर रुग्णांचे मृतदेह बाहेर आले. मॉलमध्ये रुग्णालय कसं, असा प्रश्न तेव्हा महापौरांनीही विचारला होता. तो प्रश्न परवानगी देताना विचारायचा असतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पण जिथे दिव्यांच्या बिलाला पैसे नाहीत, तिथे स्प्रिंकलरच्या पंपाची देखभाल कोण करणार? म्हणून ओस मॉल हा फक्त गुंतवणूक बुडालेल्यांचा प्रश्न राहत नाही. आत उरलेल्या शिवणकाम, झेरॉक्स आणि क्लासवाल्यांच्या जिवाचाही तो प्रश्न आहे.

माझं म्हणणं

पहिलं, महापालिकेनं अर्ध्याहून जास्त रिकाम्या मॉलची यादी करावी आणि त्यांची अग्निसुरक्षा स्वतः तपासावी. नवा वापर त्यानंतर. दुसरं, सुट्या मालकीच्या मॉलसाठी कायद्यात मार्ग हवा. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. तशाच बहुमतानं गाळेधारकांना सगळी जागा एका व्यवस्थापनाकडे सोपवता यावी आणि भाडं क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घेता यावं. अल्पमतातल्यांना दाद मागायची सोयही त्यातच हवी. तिसरं, पालिकेनं स्वतः भाडेकरू व्हावं. अभ्यासिका, नागरी सुविधा केंद्र, पाळणाघर, कौशल्य प्रशिक्षण यांसाठी उपनगरांत जागा नाही, असं आपण सतत ऐकतो. अँकर म्हणून किराणा दुकानच हवं, असं कुठे आहे?

याला पैसा लागेल आणि प्रत्येक मॉल वाचणार नाही, हेही खरं. काही पाडावेच लागतील. पण ते गाळेधारकांना विचारून, त्यांचा हिस्सा ठरवून पाडा. इमारत पूर्ण कुजण्याची वाट बघत बसू नका.

परत निघताना दुसऱ्या मजल्यावरून ढोलकीचा आवाज आला. जुन्या फूड कोर्टात पंधरा-वीस मुलींचा लावणीचा क्लास चालू होता. मावशी दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मी मात्र सवयीनं बाहेर पडायचा जिना शोधला. त्याच्या दाराला कुलूप होतं.